मीटर ६८ दाखवतो, पण काचा थरथरतात

प्रश्न : आमचं घर सांगलीत, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या बाजूला, मधे फक्त एक बोळ सोडून, मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत संध्याकाळी सातपासून रात्री अकरा-साडेअकरापर्यंत डीजे, वरातीला ढोल आणि वीज गेली की जनरेटर. सासूबाईंची झोप पार उडाली आहे. म्हणून ऑनलाइन दोन हजारांचा डेसिबल मीटर मागवला. पण तो एकाच मिनिटात ६१ही दाखवतो आणि ८८ही. मॅक्सचं बटण दाबून आलेल्या ९४चा फोटो कार्यालयाच्या मालकांना दाखवला, तर ते म्हणाले, तुमचं मशीनच खोटं आहे. चौकीतही 'हा मीटर चालत नाही' असं सांगितलं. शिवाय कधीकधी खिडकीच्या काचा थरथरत असतात, तेव्हाही मीटर ६८च दाखवतो. मीटर बिघडलाय का? नीट मोजायचं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमचा मीटर बहुधा बिघडलेला नाही. काचा थरथरत असताना ६८ दाखवणं हे उलट तो बरोबर चालत असल्याचं लक्षण आहे. त्याचं कारण मीटरवरच्या ए आणि सी या बटणात आहे, ते पुढे येईलच. मात्र ९४चा फोटो बाजूला ठेवा. मॅक्सचं बटण दाबलं की मीटर त्यानंतरचा सर्वांत मोठा आकडा धरून बसतो. तो आकडा डीजेचा असेल, नाहीतर माइकला बोट लागल्याचा, मीटर ग्रिलवर टेकल्याचा, कुणी दार आपटल्याचा किंवा बोळातून गेलेल्या बुलेटचाही असेल. फोटोवरून ते ठरवता येत नाही, आणि समोरच्याने शंका घेतली तर आपल्याकडे उत्तर नसतं.

आधी बटणं. आवाज मोजायच्या हातातल्या मीटरवर साधारण चार गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली फास्ट की स्लो. फास्टवर मीटर सेकंदाच्या आठव्या भागात आवाजाच्या मागे धावतो, म्हणून ठेक्यागणिक आकडा वरखाली उडतो. ६१ आणि ८८ एकाच मिनिटात दिसण्याचं मोठं कारण हेच. स्लोवर तो साधारण सेकंदभराचा आवाज गोळा करून दाखवतो आणि आकडा वाचता येतो. तुमच्या कामाला स्लो. दुसरी गोष्ट ए की सी. ध्वनिप्रदूषण नियमातल्या सगळ्या मर्यादा 'ए'मध्ये आहेत, त्यामुळे मुख्य मोजमाप 'ए'वर. तिसरी रेंज. काही मीटरांवर ३० ते ८०, ५० ते १००, ८० ते १३० अशा पट्ट्या असतात. ३० ते ८०वर ठेवून ८८चा आवाज मोजायला गेलात तर पडद्यावर 'ओव्हर' येतं आणि तो आकडा निकामी होतो. 'अंडर' आलं तरी तेच. ऑटो असेल तर ऑटोवर ठेवा. चौथी मॅक्स. ते बटण बंद ठेवा.

मोजायच्या आधी सेलचं चिन्ह बघा. सेल उतरत आला की स्वस्त मीटर चुकीचा आकडा दाखवू लागतात, आणि तो चुकलाय हे बघून कळत नाही.

मशीन खोटं आहे या आक्षेपाला खरं उत्तर कॅलिब्रेटरचं. हा मुठीत मावणारा छोटा डबा असतो. त्यातून १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा, नेमका ९४ डेसिबलचा सूर निघतो. मीटरचा फोम काढायचा, माइक अलगद आत सरकवायचा, रबराची कडी घट्ट बसली ना हे बघायचं आणि आकडा वाचायचा. ९४ यायला हवा. मीटरच्या माहितीपत्रकात त्या माइकसाठी ९३.८ वगैरे वेगळा आकडा दिला असेल तर तो. फरक आला तर मीटरच्या कुशीतला छोटा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवून जुळवायचा. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यात अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या संध्याकाळची सगळी नोंद रद्द धरायची. जाणकार असंच काम करतात, आणि आपलं मोजमाप कुणी उलटतपासावं असं वाटत असेल तर यात सूट घेऊ नका. कॅलिब्रेटर बहुधा तुमच्या मीटरपेक्षा महाग पडेल, म्हणून एकट्याने विकत घेण्याआधी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या मोठ्या कारखान्याच्या सुरक्षा विभागात विचारून बघा. तिथे तो अनेकदा असतो आणि पाच मिनिटांचं काम आहे. विचारताना माइकची जाडी सांगा. अर्धा इंच नसेल तर मधे बसवायची कडी लागते.

कॅलिब्रेटर मिळेपर्यंत घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. फोनवर सूर काढणारं एखादं फुकट अॅप घ्या, फोन एका बऱ्यापैकी स्पीकरला जोडा आणि १००० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा. मीटर स्पीकरसमोर टेबलावर ठेवून, अजिबात न हलवता, आधी 'ए'वर आणि मग 'सी'वर वाचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. आता सूर १०० हर्ट्झचा करा, जाडा घुमणारा. 'ए'चा आकडा 'सी'पेक्षा साधारण १९ने कमी यायला हवा. तसं आलं तर मीटरच्या आतली गाळणी, म्हणजे जाडे-बारीक सूर कमीजास्त करून मोजणारी सोय, ठीक आहे. मीटरचा एकूण आकडा खरा की खोटा हे यातून ठरत नाही, ते कॅलिब्रेटरच सांगेल. ही परीक्षा फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर करू नका, त्यातून १०० हर्ट्झ निघतच नाही.

यातच तुमच्या थरथरणाऱ्या काचांचं उत्तर आहे. माणसाच्या कानाला हळू आवाजातला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून 'ए'ची गाळणी खर्ज कमी करूनच मोजते. १२५ हर्ट्झला ती १६ डेसिबल काढून टाकते, ६३ हर्ट्झला २६, ५० हर्ट्झला ३०. डीजेच्या मोठ्या बेस स्पीकरची ताकद नेमकी ४० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणजे छातीत धडधडणारा, काच हलवणारा भाग 'ए'च्या आकड्यात जवळपास येतच नाही. 'सी'ची गाळणी ६३ हर्ट्झला एक डेसिबलही काढत नाही. म्हणून पुढच्या वेळी काचा थरथरल्या की लगेच बटण 'सी'वर न्या. 'ए' ६८ असताना 'सी' ८५-९० दिसला तर नवल नाही. दोघांतलं अंतर १५-२०च्या वर गेलं की त्रास मुख्यतः खर्जाचा आहे असं समजा. हे दोन्ही आकडे कायम लिहून ठेवा. नियमात 'सी'ला मर्यादा नाही, त्यामुळे तक्रारीत 'ए'च चालेल. पण मालकांशी बोलताना उपयोग 'सी'चा होतो.

आता उभं कुठे राहायचं. मोजमापं सर्वांत जास्त बिघडतात ती इथे. मर्यादा बाहेरच्या, मोकळ्या हवेतल्या आवाजासाठी आहेत, त्यामुळे खोलीच्या आतला आकडा त्यांच्याशी लावता येत नाही. खिडकी उघडी असली तरी आत येईपर्यंत साधारण १० ते १५ डेसिबल कमी होतात, बंद काचेने त्याहून जास्त. गॅलरी बाहेरच असते, पण डोक्यावर स्लॅब आणि पाठीशी भिंत असते. भिंतीजवळ, म्हणजे मीटरभराच्या अंतरावर, थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकत्र होऊन आकडा ३ डेसिबलने फुगतो. माइक भिंतीला लागूनच ठेवला तर ६ने. गॅलरीतून मोजायचंच असेल तर मीटर शक्य तितका बाहेर काढा आणि 'भिंतीपासून एक मीटर, ३ वजा करायचे' असं नोंदीत लिहा. बोळात मोजू नका. दोन भिंतींमध्ये आवाज उसळ्या मारत राहतो आणि तिथला आकडा घुमून वाढलाय हा मालकांचा आक्षेप तेव्हा खरा ठरेल.

तुमच्यासाठी चांगल्या जागा दोन. एक, कार्यालयाच्या फाटकाकडची रस्त्याची बाजू, त्यांच्या हद्दीच्या रेषेवर, जिथे आजूबाजूला साडेतीन मीटरपर्यंत मोठी भिंत, टेम्पो किंवा जाहिरातीचा फलक नाही अशी. नियमातली हद्दीवरची मर्यादा इथे लागू होते. दुसरी जागा तुमच्या इमारतीची गच्ची. गच्चीत एक फसगत होते. मधोमध उभं राहिलं की कठडा आड येतो आणि खालच्या स्पीकरचा आवाज अडतो, आकडा खोटा कमी येतो. कठड्यापासून साधारण एक मीटरवर, माइकला खालचे स्पीकर थेट दिसतील इतक्या उंचीवर मीटर ठेवा. पाण्याच्या टाकीची मोटर, एसीचं बाहेरचं युनिट, मोबाईल टॉवरचा पंखा जवळ नको. दोन्ही ठिकाणी जमिनीवर एकदा खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथेच मोजा. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत वर्षानुवर्षं आवाज मोजतात. त्या आकड्यांना किंमत येते ती जागा आणि वेळा तशाच राखल्यामुळे, यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतो म्हणून.

मीटर हातात धरू नका. ट्रायपॉडवर लावा, बहुतेक मीटरांच्या पाठीला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचाच आटा असतो. माइक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर, तोंड स्पीकरकडे. तुम्ही स्वतः मीटरच्या मागे किंवा बाजूला, निदान एक हात लांब, जमलं तर दोन. माणसाच्या अंगावरून आवाज परततो आणि ४०० हर्ट्झच्या आसपास त्यामुळे आकड्यात काही डेसिबलची चूक येते. मालक, शेजारी, मुलं सगळे मीटरभोवती गोल करून उभे राहिले तर ते मोजमाप टाकून द्यावं लागतं.

माइकवर फोमचा गोळा कायम असू द्या, वारा नसला तरीही. वारा माइकवर घासला की जो घुर्रर्र आवाज होतो तो जवळजवळ सगळा खर्जाचा असतो, त्यामुळे 'सी'चा आकडा सर्वांत आधी खोटा होतो. ताशी १८ किलोमीटरच्या वर वारा असेल तर मोजणं थांबवा. बघून ओळखायचं असेल तर झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, मंडपावरची हलकी पताका ताठ होत असेल तर वारा तेवढा आहे. पाऊस किंवा दाट धुकं असताना मीटर बाहेर काढू नका. एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत आणलात तर माइकवर बाष्प धरतं. पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग चालू करा.

मोजण्याची रीत अशी. दहा मिनिटं, स्लो, 'ए'. दर दहा सेकंदांनी एक आकडा, म्हणजे साठ आकडे. तोंडाने आकडे सांगून दुसऱ्याला लिहायला लावू नका, तुमचाच आवाज मीटर मोजेल. त्यापेक्षा फोन मीटरपासून थोडा लांब ठेवून पडद्याचं व्हिडिओ चित्रण करा. सुरुवातीला एकदा आजूबाजूची जागा, कार्यालयाची कमान आणि घड्याळ चित्रणात येऊ द्या. मग घरी बसून दर दहा सेकंदांचा आकडा कागदावर उतरवा. दिसेल तोच आकडा घ्यायचा, मोठा निवडायचा नाही. मधे बोळातून मोटारसायकल गेली, कुत्री भुंकली, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, तर ती वेळ नोंदवा आणि ते आकडे वगळा. वगळलेले आकडेही कागदावर दिसू द्या, कारण लपवलेला आकडा सापडला तर उरलेल्या सगळ्यांवरचा विश्वास जातो.

यांची सरासरी नेहमीसारखी काढता येत नाही. डेसिबल ही घातांकाची मोजणी आहे. ६० आणि ६० मिळून १२० होत नाहीत, ६३ होतात. पाच मिनिटं ६० आणि पाच मिनिटं ८० असा आवाज असला तर दहा मिनिटांची सरासरी ७० येत नाही, ७७ येते. पद्धत अशी : प्रत्येक आकड्याला १०ने भागायचं, जे येईल तितका १०चा घात काढायचा, या सगळ्यांची साधी सरासरी घ्यायची, त्या सरासरीचा १०च्या पायाचा लॉग काढायचा आणि १०ने गुणायचं. उदाहरणादाखल चार आकडे घ्या : ६२, ६४, ७५, ६६. साधी सरासरी ६७च्या जरा खाली येते, पण खरी सरासरी ७०. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की पुढे फक्त आकडे भरायचे. या सरासरीला एलईक्यू म्हणतात आणि नियमातल्या मर्यादा याच एलईक्यूच्या आहेत. काही मीटर ती स्वतःच काढतात, दोन हजारांच्या मीटरमध्ये बहुधा ती सोय नसते.

आणि नुसता डीजे चालू असतानाचा आकडा अर्धाच पुरावा. त्याच जागी, त्याच सुमाराला, कार्यक्रम नसताना किती आवाज असतो हेही तितकंच नीट मोजायला हवं. रस्त्याची रहदारी, पंखे, रातकिडे, या सगळ्यांचा मिळून जो आवाज असतो तो आधीच ५८ असेल आणि डीजेसकट ७१ होत असेल, तर फरक १३चा. फरक १०च्या वर असला की वजाबाकी करायची गरज नाही, ७१ हा डीजेचाच धरा. फरक ६ ते ९ असेल तर एकूण आकड्यातून साधारण १ वजा करा, ४-५ असेल तर २, बरोबर ३ असेल तर ३. फरक ३पेक्षा कमी आला तर त्या मोजमापातून काहीच ठरत नाही. तिथला आवाज कार्यालयाचा आहे असं तुम्ही म्हणू शकत नाही. अशा वेळी जागा बदला किंवा रहदारी कमी झाल्यावर मोजा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर, त्याच दिवशी, दहा-दहा मिनिटं घेतलेली नोंद सर्वांत भक्कम.

आता आकडे कशाशी ताडून बघायचे ते. ध्वनिप्रदूषण नियम २०००मध्ये निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०, शांतता क्षेत्राला ५० आणि ४० अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. तुमची गल्ली निवासी की व्यापारी, हे महापालिकेच्या विकास आराखड्यावरून आधी विचारून घ्या. मोक्याच्या रस्त्यावरची कार्यालयं पुष्कळदा व्यापारी पट्ट्यात मोडतात आणि मग सगळा हिशेब १०ने सरकतो. खासगी जागेत स्वतःचा ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलपर्यंतच जास्त चालतं. म्हणजे निवासी भागात दिवसा ६०, रात्री ५०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. मर्यादेपेक्षा १० किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो, हे नियमातच लिहिलेलं आहे.

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. रात्री १०नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक, वाद्य, ढोल, काहीही वाजवायला बंदी आहे. तिथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही, घड्याळ पुरतं. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी १२पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती जाहीर केलेल्या दिवसांपुरती. रोजच्या लग्नाला ती मिळत नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वाजवायला मुभा आहे. म्हणून डीजे हॉलमध्ये आहे की लॉनवर, हॉलची दारं उघडी आहेत का, हे दर वेळी नोंदवा. दारं सताड उघडी ठेवून लावलेल्या डीजेला बंदिस्त म्हणायचं का, हा प्रश्न तुमच्या फोटोवरून तपासणाऱ्याला स्वतःच सुचेल. शिवाय ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, ती आहे का हे चौकीत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चौकीत 'हा मीटर चालत नाही' म्हणाले त्यात तथ्य आहे. कारवाईसाठी तपासलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या मीटरवर अधिकाऱ्याने स्वतः घेतलेलं मोजमाप लागतं. तुमचा मीटर ते काम करू शकणार नाही, आणि त्याच्याकडून ते करवून घ्यायचा हट्ट धरण्यात वेळ जातो. तुमच्या मीटरचं काम अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणून उभं करण्याचं. आवाज सर्वांत जास्त कधी होतो, वरात फाटकात येते तेव्हा, जेवणाच्या पंगती उठल्यावर, की पाठवणीला? हे तीन-चार लग्नांच्या नोंदीवरून कळेल. मग अर्जात लिहा, अमुक तारखांना रात्री ९.३० ते १०.४५ या वेळात, कार्यालयाच्या हद्दीवर व आमच्या गच्चीत, घरगुती मीटरवर सरासरी इतकी आली, कार्यक्रम नसताना इतकी होती. कृपया पुढच्या अमुक तारखेच्या कार्यक्रमाला प्रमाणित मीटरने मोजावं. सोबत तक्ता जोडा. तक्त्यात तारीख, सुरू-संपल्याची वेळ, जागा आणि उंची, स्पीकरपासूनचं अंदाजे अंतर, मीटरचा मॉडेल आणि क्रमांक, 'ए' की 'सी', स्लो, हवामान, वगळलेले आवाज आणि हजर असलेल्या शेजाऱ्याची सही. अर्ज पोलिस उपअधीक्षकांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. कार्यक्रम चालू असताना ११२वर फोन केलात तर फोनची वेळही याच तक्त्यात लिहा.

त्याआधी एकदा मालकांशी शांतपणे बोला, पण ९४चा फोटो न घेता. 'ए' आणि 'सी'चे शेजारी-शेजारी आकडे दाखवा. खर्जाचा त्रास मालकांना थोड्या खर्चात कमी करता येतो. बेसचे डबे तुमच्या बाजूच्या कंपाउंडला टेकवून ठेवलेले असतात. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला बेस जास्त घुमतो. ते भिंतीपासून दूर, हॉलच्या पलीकडच्या टोकाला नेले तर फरक पडतो. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २० मीटरवर ७० असेल तर ४० मीटरवर ६४. वरचे स्पीकर नुसते वळवूनही तुमच्या गच्चीतला 'ए' कमी होईल, पण बेसला दिशा नसते, तो कुठेही वळवला तरी चोहीकडे जातो. त्यासाठी मिक्सरवर बेसच खाली आणावा लागतो. तुमच्या बाजूने जाड पडदे, खिडकीला फोम यावर पैसे घालू नका. ते चिरके आवाज थोडे मऊ करतात, खर्जाला अजिबात अडवत नाहीत.

फोनवरच्या अॅपबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण शेजारी सुचवतीलच. बहुतेक फोन बोलणं स्पष्ट यावं म्हणून मोठा आवाज आपोआप दाबतात, आणि प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा असतो. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने फक्त आयफोनसाठी काढलेलं अॅप त्यातल्या त्यात बरं आहे, कारण ते ठरावीक फोनांवर प्रयोगशाळेत तपासलेलं आहे आणि त्यात एलईक्यू मिळतो. मीटरच्या जोडीला म्हणून वापरायला हरकत नाही.

सोसायटीने वर्गणी काढून चांगला मीटर घ्यायचा ठरवला तर 'आयईसी ६१६७२-१, क्लास २' असं स्पष्ट लिहिलेला घ्या. एलईक्यू आणि नोंद साठवायची सोय हवी, कॅलिब्रेटर सोबतच घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, त्या मीटरचाच क्रमांक असलेलं प्रमाणपत्र मागा. स्वस्त मीटरांच्या खोक्यावर बऱ्याचदा 'आयईसी ६५१ टाइप २' छापलेलं असतं. ते १९७९चं मानक, २००२मध्ये त्याच्या जागी नवं आलं. आणि 'अचूकता अधिक-उणे १.५ डेसिबल' असं लिहिलेलं असलं तरी ते बहुधा १००० हर्ट्झच्या एका सुरापुरतं असतं, डीजेच्या खर्जाला ते लागू होईलच असं नाही. तुमच्या आत्ताच्या मीटरवरच्या आकड्याला दोन-तीन डेसिबल इकडे-तिकडे धरूनच निष्कर्ष काढा. निवासी भागात हद्दीवर रात्री ५० चालतात आणि तुमची सरासरी ५१ आली, तर त्यावर भांडू नका. ७० आली, तर तीन डेसिबलच्या चुकीने काही बदलत नाही.

राहिला जनरेटर. त्याची मर्यादा स्वतंत्र आहे. १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरच्या कॅनोपीपासून, म्हणजे आवाज अडवणाऱ्या बाहेरच्या पेटीपासून, एक मीटरवर ७५ डेसिबल ए. मालकांची परवानगी घेऊन चारही बाजूंनी, लोड चालू असताना, स्लोवर वाचा; इथे आवाज एकसारखा असल्याने एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो. ७५च्या वर गेला तर आधी कॅनोपीची दारं बघा. गरम होतो म्हणून ती काढून ठेवलेली किंवा उघडी बांधलेली असतात, आणि तेवढ्याने कॅनोपीचा उपयोगच संपतो. दारं बंद करूनही आकडा उतरला नाही तर सायलेन्सर फुटलाय का आणि धुराड्याचं तोंड तुमच्या खिडकीकडे आहे का हे मालकांच्या मिस्त्रीला बघायला सांगा. गच्चीतून मात्र जनरेटर डीजे बंद असतानाच मोजा. जनरेटरसकट ६१ आणि बंद असताना ५७ आला, तर फरक ४चा. २ वजा करून त्याचा स्वतःचा आवाज ५९च्या आसपास धरा.